गाईला बकरीची लस का टोचतात?



लम्पीच्या लसीविषयी एक प्रश्न आम्हांला औरादपासून आळंदपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. "फादर, बकरीची लस गाईला टोचून काय होणार?" प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. पण त्याचे उत्तर नीट कोणी देत नाही, आणि मग जनावरांचे डॉक्टर गावात आले की कित्येक घरची गुरे रानाकडे हाकलली जातात. म्हणून आज या पानावर आपण तेवढाच विषय घेऊ.

हा रोग मूळचा आपल्याकडचा नव्हे. १९२९ साली तो आफ्रिकेत, आजच्या झांबिया देशात, प्रथम दिसला. भारतात तो २०१९ साली ओडिशात सापडला, आणि २०२२ साली गुजरात-राजस्थानापासून महाराष्ट्र-कर्नाटकापर्यंत त्याने थैमान घातले. त्या वर्षी देशात एक लाखाहून अधिक गुरे दगावली. आधी ताप येतो, डोळ्यानाकातून पाणी गळते. मग अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठतात, पाय सुजतात, दूध आटते. शंभर आजारी जनावरांत बहुधा एक ते पाच मरतात, वासरांत त्याहून अधिक. जी वाचतात त्यांतला बैलही ऐन पेरणीत जुंपण्याजोगा राहत नाही. कर्नाटक सरकारने २०२२ साली मेलेल्या गाईला २०,०००, बैलाला ३०,००० आणि वासराला ५,००० रुपये भरपाई ठरविली होती. देवणीच्या चांगल्या कालवडीचे मोल ५,००० रुपये होते काय, हे तुम्हीच सांगा.

देवणी तर आपल्याच मातीतली जात. लातूर, बीदर आणि कलबुर्गीच्या पट्ट्यात ती घडली. पांढरा बालंक्या, काळ्या तोंडाचा वाणेरा, ठिपक्यांचा शेवेरा हे आपल्यापैकी जुन्या माणसांना लांबून ओळखता येतात. ट्रॅक्टर आल्यापासून खऱ्या देवणीच्या दावणी कमी झाल्या आहेत. जे थोडे असते त्याची राखण जास्त करावी लागते.

आता बकरीच्या लसीकडे येऊ. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला आहे. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि गाईची लम्पी यांचे विषाणू म्हणजे जणू सख्खे भाऊ. एकाची ओळख शरीराला पटली की दुसराही बऱ्याच अंशी ओळखू येतो. म्हणून शेळीच्या देवीवरची 'उत्तरकाशी' वाणाची लस सरकारने २०२२ साली गुरांना टोचली. तिच्यात शेळीचे मांस किंवा रक्त असते हा समज चुकीचा. आणि ही युक्ती नवी थोडीच आहे? १७९६ साली इंग्लंडात जेन्नर नावाच्या डॉक्टराने गाईच्या देवीचा द्राव एका मुलाला टोचला आणि माणसाच्या देवीपासून त्याला वाचविले. सेमिनरीत आम्हांला लॅटिन शिकविले गेले. त्या भाषेत 'वाक्का' म्हणजे गाय. 'व्हॅक्सिन' हा शब्द तिच्यावरूनच आला. माणसाला गाईची लस चालली, तर गाईला बकरीची का चालू नये?

घरातल्या म्हाताऱ्यांना बुळकांड्या विचारून पाहा. गोठेच्या गोठे एका आठवड्यात रिकामे करणारा तो रोग होता. हिमालयातल्या मुक्तेश्वर येथील संशोधन केंद्रात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात त्याचा विषाणू शेळ्यांच्या अंगातून पुन्हा पुन्हा फिरवून मवाळ केला व त्याची लस बनविली. पुढे याहून चांगल्या लसी आल्या. भारतात बुळकांड्याची शेवटची लागण १९९५ साली झाली, आणि २०११ साली सारे जग त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. बुळकांड्या गेला तो लसीने गेला, हे आपण विसरू नये.

तरीही खरे ते सांगितले पाहिजे. बकरीची लस उसनी आहे, आणि उसन्याने पूर्ण काम भागत नाही. टोचलेल्या काही जनावरांनाही गाठी येतात. बहुधा त्रास सौम्य असतो, पण येतात. म्हणून लम्पीच्याच विषाणूपासून लस काढण्याचे काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील पशुसंशोधन संस्थेबरोबर केले. २०१९ साली रांचीच्या गुरांतून मिळालेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत एकामागून एक ५० वेळा वाढविला. बीदरहून मुंबईला गेलेल्या घराची तिसरी पिढी नांगर धरायला विसरते, पण चेहरा आजोबांचाच राहतो. तसेच काहीसे या विषाणूचे होते. गाईला आजारी पाडण्याची कला तो विसरतो, पण चेहरा तोच असल्याने गाईचे शरीर त्याला ओळखून ठेवते. ही 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सरकारी पशुलस संस्थेशी तिच्या निर्मितीचा करार झाला. आपल्याच राज्यातल्या बायोव्हेट कंपनीच्या 'बायोलम्पीव्हॅक्सिन' या लसीला फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राचा परवाना मिळाला. तिची एक खुबी आहे. रक्त तपासल्यावर जनावराला रोग होऊन गेला की नुसती लस टोचली, हा फरक तिच्यामुळे करता येतो. बाजारात गुरे घेणाऱ्या-विकणाऱ्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

पण लस कोणतीही असो, तिचे काही नियम आहेत. तिच्यातला विषाणू जिवंत असतो, म्हणून ती बर्फात राहिली पाहिजे. उन्हात तापलेली लस म्हणजे नुसते पाणी. डॉक्टरांच्या हातात बर्फाची पेटी आहे का, हे विचारण्यात काही वावगे नाही. संरक्षण तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. डास, चावऱ्या माशा आणि गोचीड हेच रोग पसरवितात आणि पावसाबरोबर ते वाढतात, म्हणून कारहुणवीच्या आधी टोचून घेतलेले बरे. टोचल्या जागी थोडी सूज किंवा दोन दिवस ताप आला तर घाबरू नये. ताप आलेल्या, गाठी उठलेल्या जनावराला मात्र टोचू नये. गाय गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

रोग आलाच तर विषाणूवर नेमके औषध नाही. प्रतिजैविक इंजेक्शन देतात ते जखमेत दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून. २०२२ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विड्याची पाने, मिरे, मीठ व गूळ यांचा घरगुती उपाय सुचविला होता. तो डॉक्टरांच्या उपचाराबरोबर करावा, त्याच्या ऐवजी नव्हे. आजारी जनावर वेगळे बांधा, कडुलिंबाचा धूर करा, गोचीड काढा. वाळलेल्या खपलीत विषाणू महिनाभर टिकतो, तेव्हा खपल्या शेणात टाकू नका, जाळा. मेलेले जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्याला फेकू नका. हा रोग माणसाला होत नाही, आणि दूध उकळून घ्यायची आपली रीत आहेच.

वासरांविषयी पुष्कळजण विचारतात. लस घेतलेल्या गाईचा चीक वासराला पोटभर मिळाला तर आईचे संरक्षण काही काळ त्यालाही मिळते. म्हणून साधारण तीन-चार महिने होईपर्यंत त्याला टोचत नाहीत. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, विकायला काढू नका. पुढे लशीची तारीख कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह घरच्या वहीत लिहून ठेवा, कारण दर वर्षी पुन्हा टोचावे लागते.