जुने दाखल-खारीज रजिस्टर आणि नवी अहवाल-प्रणाली : सांधा कोठे जोडावा?



आपल्या अकोला व अमरावती जिल्ह्यांतील कित्येक जुन्या शाळांच्या कपाटांत स्वातंत्र्यापूर्वीची दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. काहींची पाने हात लावताच तुटतात. तरीही जातपडताळणीच्या वेळी पालक तेथेच येतो. कारण अनुसूचित जातींकरिता 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाकरिता 13 ऑक्टोबर 1967 या दिनांकांपूर्वीच्या नोंदीस मोठे मोल असते. पुढे 2015 साली सरल प्रणाली आली व तिने विद्यार्थ्यास 19 अंकी क्रमांक दिला. 2022-23 पासून यू-डायस प्लसवर विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाऊ लागली आणि कायम शिक्षण क्रमांक, ज्यास आपण ‘पेन’ म्हणतो, तो आला. या नव्या अहवालांस जुना तक्ता जोडावयाचा तो कशाच्या आधारे, हा येथील प्रश्न आहे.

बहुतेक ठिकाणी तो नावाने जोडला जातो, आणि घोटाळा तेथेच होतो. रजिस्टरात ‘वानखडे’ असते, आधारपत्रावर ‘वानखेडे’ होते. संगणकाच्या दृष्टीने ही दोन माणसे. उलटही घडते. मी एका शाळेच्या भेटीस गेलो असता एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या व वडिलांचेही नाव तेच असलेल्या दोन मुली आढळल्या. याद्या नावावरून जुळविल्यामुळे एकीची शिष्यवृत्ती दुसरीच्या खात्यात दाखविली गेली होती. जिची गेली तिच्या आईने दोनदा विचारणा केली होती, आणि दोन्ही वेळा ‘तुमच्या मुलीची रक्कम जमा आहे’ असेच उत्तर तिला मिळाले होते. अहवाल तसेच सांगत होता.

म्हणून सांधा क्रमांकाचा असावा. परंतु नुसता दाखल क्रमांक पुरत नाही; नवे रजिस्टर घातले की काही शाळांत तो पुन्हा 1 पासून सुरू होतो. यास्तव शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक, रजिस्टराचा खंड आणि दाखल क्रमांक ही तिन्ही मिळून एक खूण करावी. यू-डायस क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दोन जिल्ह्याचे. अकोल्याच्या शाळेचा क्रमांक 2705 ने व अमरावतीच्या शाळेचा 2707 ने सुरू होतो. चुकीच्या शाळेची यादी हाती आली तर येथेच कळते.

मेळघाटातील शिक्षकांची अडचण निराळी आहे. कुटुंब कामासाठी स्थलांतर करते, मुलाचे नाव कमी होते आणि परत आल्यावर त्यास नवा दाखल क्रमांक मिळतो. मूल एक, नोंदी दोन. पट मोजताना ते दोनदा मोजले जाते. अशा वेळी जुनी नोंद खोडावयाची नसते. एक वेगळा सांधणी-तक्ता करावा. त्यात प्रत्येक दाखल-नोंदीस एक ओळ द्यावी व समोर विद्यार्थ्याचा पेन लिहावा. दोन ओळींसमोर एकच पेन आला तरी हरकत नाही. पट पेनवरून मोजावा, दाखला मात्र नोंदीवरून द्यावा. मूळ रजिस्टरातील अक्षर सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावाचून बदलू नये, मग संगणकावरील नाव कितीही वेगळे असो.

आता एक्सेलची एक खोड. हे कोष्टक संख्येचे पहिले 15 अंकच जपते. सरलचा 19 अंकी क्रमांक संख्या म्हणून लिहिला की शेवटचे चार अंक शून्य होतात, आणि मुलामुलांतील भेद तर शेवटच्या अंकांतच असतो. एका वर्गाची सगळी मुले मग एकाच क्रमांकाची दिसू लागतात! हरवलेले अंक स्तंभाचा प्रकार नंतर बदलून परत येत नाहीत. म्हणून माहिती भरण्यापूर्वीच तो स्तंभ ‘टेक्स्ट’ प्रकारचा करून घ्यावा. व्हीलूकअप वापरणाऱ्यांनी सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहिण्यास विसरू नये. नाहीतर नेमका क्रमांक न सापडल्यास संगणक जवळच्या दुसऱ्याच मुलाची माहिती मुकाट्याने आणून ठेवतो.

आरंभ यंदाच्या पहिलीच्या पटापासून करावा आणि मग एकेक वर्ग वर जावे. ज्या ओळी जुळणार नाहीत त्या अंदाजाने न भरता कोऱ्या ठेवाव्यात, त्यांची यादी वेगळी काढावी व रजिस्टर समोर घेऊन केंद्रप्रमुखांसह तपासावी.