सॉफ्टवेअरचे पैसे परत मागताना

नांदगाव खंडेश्वरात टायपिंग-डीटीपीचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक पत्रिका छापायला येतं आणि जाता जाता विचारतं, "दादा, त्या ॲपचे पैसे वापस भेटतीन का जी?" त्या सगळ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. 'नो रिफंड' वाचून लगेच हात टेकू नका. मन बदललं म्हणून पैसे मागत असाल, तर विक्रेत्याची अट चालते. वस्तूच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनंही येतात.

२. लायसन्स की टाकण्याआधी डेमो, आणि डेमोत 'वऱ्हाड' टाइप करून बघा. मी नवा फॉन्टसंच असाच तपासतो. ऱ्ह नीट जुळला तर 'कऱ्हाड', 'गुऱ्हाळ'ही जुळतात. नाहीतर र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पत्रिकेत वऱ्हाडी मंडळींचं 'वर्हाडी' झालं की मुलीचा मामा दुकानात आलाच समजा! एका संचाचा डेमो चोख निघाला, पण विकतच्या आवृत्तीत हाच घोळ. दोन्हींचे स्क्रीनशॉट आणि बिल जोडून ईमेल केला. आधी टोलवाटोलवी झाली, मग पैसे आले. नुसत्या फोनवर ते आले नसते.

३. व्हॉट्सॲपवर पाचशे रुपयांत मिळणारी 'ओरिजिनल की' घेऊ नका. बिल नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. परत मागणार कोणाला?

४. घड्याळ बघा. गूगल प्लेवर घेतलेल्या ॲपसाठी ४८ तासांच्या आत थेट गूगलकडे मागणी करता येते. नंतर ॲप बनवणाऱ्याच्या दारात जावं लागतं. स्टीमवरच्या गेमला १४ दिवस, पण खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी हवा. पोरं रात्रभर खेळून सकाळी रिफंड मागतात, तो कसा मिळणार?

५. ॲप डिलीट केल्याने ऑटोपे थांबत नाही, हे रोज सांगावं लागतं. यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मेसेज वाचत जा. वर्गणी रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवणं २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे.

६. तक्रार लेखीच करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा. तिथेही जमलं नाही, तर कंपनी बंगळुरूची असली तरी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दाद मागता येते. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.