आधी तयारी, मग बदल

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथून मुंबईकडे धावणाऱ्या विजेच्या गाड्या पूर्वी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत असत. आज त्या २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील हा बदल जून २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती. दोन्ही प्रवाहांवर चालू शकतील अशा गाड्या आधीच आणून ठेवल्या होत्या. म्हणूनच लक्षावधी उतारूंचे जाणे-येणे चालू राहिले.

संगणकाची गोष्टही अशीच आहे. यंत्र हे संगणकाचे शरीर मानले, तर त्याच्याकडून सारी कामे करवून घेणारी कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, हे त्याचे चालकत्व होय. ही प्रणालीही कालांतराने जुनी होते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. परंतु प्रणालीतील नव्या उणिवा बुजविणारी नेहमीची विनामूल्य दुरुस्ती थांबली. मोडक्या कडीच्या घरात राहण्यासारखेच ते झाले. म्हणून अनेकांना नव्या प्रणालीकडे वळावे लागले.

वळण्यापूर्वी प्रथम यंत्राची कुवत पाहावी. विंडोज ११ साठी निदान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. यंत्र यात बसत नसेल, तर लिनक्ससारख्या विनामूल्य प्रणालीचाही विचार करता येतो.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे प्रती काढणे. संगणक नवा विकत मिळतो; पण दिवंगत आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज किंवा ताईच्या लग्नातील छायाचित्रे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण परिसरात घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच कपाटात ठेवलेले सर्व काही एकदमच नाहीसे होते. यास्तव एक प्रत घरातील हार्ड डिस्कवर, तर दुसरी अन्यत्र ठेवावी. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहावी. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजता घेतलेले पैसे!

तिसरे काम नोंदींचे. पासवर्ड वहीत उतरवून ती वही वडीलधाऱ्यांच्या स्वाधीन करावी. नेहमी लागणाऱ्या आज्ञावलींची यादी करावी. जुन्या मराठी अक्षरसंचांत टंकलिखित केलेल्या मजकुराकडे विशेष लक्ष द्यावे. नव्या प्रणालीत तो अक्षरसंच नसेल, तर आजीची आठवणींची वही निरर्थक चिन्हांची रांग भासू लागते. असा मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे इष्ट.

शेवटी वेळ निवडावी. परीक्षेच्या किंवा प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री हे काम काढू नये. वीज खंडित होणार असल्याची सूचना असेल, तर तो दिवस टाळावा. लॅपटॉप विजेला जोडून ठेवावा आणि काम अर्धवट असता यंत्र बंद करू नये.

पूर्वतयारी दिसत नाही. दिसते ते तिचे फळ. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास पाणी वेळेवर मिळत नाही. ज्याने आधी जपून ठेवले, त्याला नव्याचे भय उरत नाही.

शब्दार्थ
कुवत – सामर्थ्य. यास्तव – यासाठी. इष्ट – हितकर.

स्वाध्याय
१. रेल्वेच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
२. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून का पाहावी?
३. ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ या म्हणीचा अर्थ सांगून तिचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरातील कोणत्या आठवणी जतन केल्या पाहिजेत? वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.