‘मिलिटरी आणा’ म्हणण्याआधी...

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

दुसरी कबुली जरा जड आहे. गेल्या सेमिस्टरला एका रात्री मेसमध्ये नेहमीचा वाद पेटला होता. राजकारणी, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे. तेव्हा एकजण जोरात म्हणाला, “पाच वर्षं देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सरळ होतील!” टाळ्या पडल्या. तो एकजण मीच होतो.

आमटी वाढता वाढता मेसचे मामा थांबले. म्हणाले, “सोलापुरानं बघितलंय की मिलिटरीचं राज. चार पुतळ्याला जावा एकदा, पोरांनो.”

मला वाटलं मामा गंमत करतायत. चार पुतळा म्हणजे रिक्षावाल्याला सांगायची खूण, एवढंच मला ठाऊक होतं. घरी जाताना हुतात्मा एक्सप्रेसनं कितीदा गेलो, पण हे हुतात्मे कोण हा प्रश्न कधी पडला नाही. रविवारी गेलो, नावं वाचली आणि मग लायब्ररीत बसलो. त्या अभ्यासातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सोलापुरात काय घडलं?

१९३० साल. मिठाचा सत्याग्रह चालू होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गिरणी कामगार बाहेर पडले, हरताळ झाला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडणाऱ्या लोकांना पोलिसांनी पकडलं, जमाव चिडला आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग जमावानंही पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, पोलीस मारले गेले. हे लपवायचं कारण नाही. हिंसा दोन्ही बाजूंनी झाली.

पोलीस शहरातून मागे गेले. त्यानंतरचे काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीच शहराची व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी सरकारनं सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला. तो ३० जूनपर्यंत, जवळजवळ पन्नास दिवस चालला. तिरंगा लावणं गुन्हा. डोक्यावर गांधी टोपी दिसली की सोजिरांचा जाच. याच नगरपालिकेच्या इमारतीवर त्याच वर्षी तिरंगा चढला होता, तो उतरवायला लावला. पुढारी आणि कार्यकर्ते धरले गेले, आणि लष्करी अधिकाऱ्यांसमोर झटपट खटले चालवून सक्तमजुरीच्या शिक्षा दिल्या गेल्या. हे सगळं कायदेशीर ठरावं म्हणून सोलापूरसाठी खास वटहुकूम निघाला.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे ते चौघे. पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटला भरला. अपील मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं, पण उपयोग झाला नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे. वय अवघं विशीतलं. मी वीस वर्षांचा आहे. त्या ओळीशी मी बराच वेळ थांबलो.

मनमानी अटक म्हणजे काय?

आपण इंजिनियर होणार, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. रोज त्याचं काम पडत नाही, पण तो बंद करून बॉयलर चालवणारा माणूस ‘कार्यक्षम’ नसतो, तो घातकी असतो. अटकेच्या अधिकारालाही असाच व्हॉल्व्ह लागतो. लष्करी राजवट पहिल्यांदा नेमका तोच काढून ठेवते. अटक कायदेशीर आहे की मनमानी, हे ओळखायला मी तीन प्रश्न काढले आहेत :

१) कारण सांगितलं का?
२) पकडणाऱ्याहून वेगळ्या, स्वतंत्र माणसासमोर उभं केलं का?
३) सुटण्यासाठी दाद मागायचा दरवाजा उघडा आहे का?

आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये हेच आहे. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं आणि २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं. तिसऱ्या प्रश्नासाठी हेबियस कॉर्पसचा अर्ज आहे. कोर्ट विचारतं, “हा माणूस कुठे आहे आणि कुठल्या अधिकारानं डांबलाय?” लक्षात घ्या, त्याच कलम २२ मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेची सूटही आहे. म्हणजे व्हॉल्व्ह आहे, पण त्याला बायपासही आहे.

तो बायपास किती मोठा होऊ शकतो हे १९७५ साली दिसलं. तेव्हा लष्कर नव्हतं, निवडून आलेलं सरकार होतं. तरीही आणीबाणीत, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात, एक लाखाहून जास्त माणसं मिसा आणि इतर कायद्यांखाली तुरुंगात गेली. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलं की आणीबाणीत हेबियस कॉर्पसचा अर्ज चालणार नाही. पाच न्यायाधीशांपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असं केलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जुना निकाल चुकीचा ठरवला. चूक दुरुस्त व्हायला चाळीस वर्षं लागली, पण दुरुस्त करणारी यंत्रणा शिल्लक होती म्हणून ती झाली.

यंत्रणाच शिल्लक नसेल तर?

त्यासाठी शेजारी बघा. लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ जिथे ठेवलं ते मंडाले ज्या देशात आहे, तो म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या लष्करानं निवडणूक जिंकलेल्या नेत्यांनाच ताब्यात घेतलं. आँग सान सू ची त्यांत होत्या. मग विद्यार्थी, डॉक्टर, पत्रकार, कवी अशी हजारो माणसं. जुलै २०२२ मध्ये लष्करी न्यायालयानं शिक्षा दिलेल्या चौघांना फाशी दिल्याचं जाहीर झालं. त्यांत फ्यो झेया थॉ हे माजी खासदार आणि को जिमी हे जुने लोकशाहीवादी कार्यकर्ते होते. तिथेही चौघेच. आकडा वाचून अंगावर काटा आला.

म्यानमारच्या लष्करानंही ‘शिस्त’ हाच शब्द वापरला होता. मी मेसमध्ये वापरला होता तोच.

मग आपण काय शिकायचं?

मला सैन्याबद्दल आदर आहे. माझ्या वर्गातले दोघे एसएसबीची तयारी करतायत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण सीमा राखणं वेगळं आणि नागरिकाला कुणी कधी उचलायचं हे ठरवणं वेगळं. पहिलं काम सैन्याचं. दुसऱ्यावर कोर्टाचा हात हवाच. खड्डे बुजवायचे तर नगरसेवकाला जाब विचारता येतो. बंदूक हातात असलेल्याला जाब विचारायची सोय नसते.

तेव्हा कुणालाही अटक झाल्याची बातमी वाचली की ‘तो आपल्या पक्षाचा का?’ असं विचारण्याआधी ते तीन प्रश्न विचारा. आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठी तर आधी विचारा, कारण तिथेच खरी परीक्षा आहे.

परवा मेसमध्ये मामांनी विचारलं, “गेलता का?” मी म्हटलं, “गेलो होतो. चारही नावं पाठ झालीत.” मामांनी एक भाकरी जास्तीची वाढली. त्या रात्री पुन्हा तोच वाद निघाला आणि ‘मिलिटरी आणा’ हे वाक्य दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं. टाळ्या वाजायच्या आत मी हात वर केला.