सुईविना ॲड्रेनॅलीन

मधमाशीने डंख मारला तर बहुतेकांना थोडी सूज येते, आग होते आणि मग ते विसरले जाते. पण क्वचित एखाद्याच्या अंगावर काही मिनिटांतच गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. शेंगदाणे, कोळंबी किंवा पेनिसिलीन यांमुळेही असे घडू शकते. या जीवघेण्या ॲलर्जीला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. हे नाव पोर्तिए व रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली दिले. या संशोधनाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते? शरीरातील मास्ट पेशी हिस्टामीन वगैरे द्रव्ये एकदम बाहेर सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात, तर श्वासनलिका आवळतात. ॲड्रेनॅलीन नेमके याच्या उलट कार्य करते. म्हणून तेच यावरील पहिले औषध होय.

मग त्याची गोळी का देत नाहीत? कारण पोटातून गेलेले ॲड्रेनॅलीन आतडे व यकृत यांतील विकरांमुळे रक्तात पोहोचण्यापूर्वीच निकामी होते. म्हणून ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत टोचतात. पण सुईच्या भीतीने लोक चालढकल करतात आणि मोलाची मिनिटे निघून जातात.

यावर शास्त्रज्ञांनी नाकाचा मार्ग शोधला. नाकाच्या आतील अस्तर पातळ असून त्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तरीही अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने औषध सहज आत शिरत नाही. म्हणून फवाऱ्यात डोडेसिल माल्टोसाइड हे द्रव्य मिसळतात. ते पेशींमधील सांधे तात्पुरते सैल करते. इतके करूनही बरेचसे औषध वाया जाते. म्हणूनच मोठ्यांच्या स्वयंचलित सुईत ०.३ मिलिग्रॅम मात्रा असते, तर फवाऱ्यात २ मिलिग्रॅम! अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये या फवाऱ्यास मान्यता मिळाली. १५ ते ३० किलो वजनाच्या मुलांसाठी १ मिलिग्रॅमचा फवारा मार्च २०२५ मध्ये संमत झाला.

फवारा वा सुई जवळ नसेल तर? रुग्णास आडवे झोपवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. लगेच १०८ क्रमांकास दूरध्वनी करा. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून राहू नका. तिने अंगावरची खाज शमेल, पण सुजलेला घसा मोकळा होणार नाही. औषध सुईने जावो वा नाकाने, ते वेळेवर जाणे महत्त्वाचे!