कोजागिरीला काकांना कुठे बसवायचं?

गच्चीवर कोजागिरी ठरली की दूध किती लिटर आणि भेळ कोण करणार, हे पाच मिनिटांत ठरतं. काकांचं काय करायचं, ते ठरत नाही. ते बसले की गप्पांचं एक तर भांडण होतं, नाहीतर भाषण. न बोलवून चालत नाही. वर्गणी त्यांनीच सगळ्यांत आधी दिलेली असते.

आधी माणूस नीट ओळखा. अबोल माणसाला यात धरू नका. तो रात्रभर गप्प बसला तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्रास दोघांचा: प्रत्येक वाक्य खोडणाऱ्याचा आणि प्रत्येक विषय स्वतःवर आणणाऱ्याचा. या दुसऱ्या खोडीचा चार्ल्स डर्बर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ‘द परस्यूट ऑफ अटेन्शन’ या १९७९ च्या पुस्तकात चांगला समाचार घेतलाय. ओळखायची रीत सोपी आहे. तुम्ही ‘गुडघा दुखतोय’ म्हणालात, की समोरचा ‘कधीपासून?’ विचारतो की ‘माझा तर...’ म्हणून सुरू होतो? एखाद्या वेळी कुणीही करतं. दरवेळी होत असेल तर समजा.

मग जागा. खोडणाऱ्याला मधोमध नको, कोपऱ्यातही नको. तिथे तो एकाच कुणाला तरी धरून बसतो. दोघांच्या बोलण्यात तिसरा जाऊन बसणाऱ्याला रामदासांनी ‘दासबोधा’त मूर्खांत काढलंय खरं, पण आपल्याला त्याच्यासोबत दूध प्यायचंय. म्हणून त्याला काम द्या, तेही खरं. हाऊजीचे आकडे पुकारायला सांगा. सगळ्यांचे कान त्याच्याकडे, आणि सत्तेचाळीसवर वाद घालता येत नाही.

तरी वाद निघालाच, तर मुद्द्याला उत्तर देऊ नका. ‘असेलही’ म्हणा आणि लगेच तिसऱ्याला हाक मारा: ‘वहिनी, दुधाचा मसाला घरचाच का?’ नुसता विषय बदलून भागत नाही, नवा विषयही तो खोडेल. बोलण्याची पाळी दुसऱ्याकडे गेली पाहिजे. स्वतःचंच सांगणाऱ्याला मात्र एक गोष्ट पुरी करू द्या. मध्येच तोडलीत, तर तो पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

पार्किंगचा विषय कुणीच काढायचा नाही, हे बाकीच्यांना आधीच बजावून ठेवा.

आणि दूध संपल्यावरही काका हलत नसतील, तर सतरंज्या गुंडाळायला घ्या. एक टोक त्यांच्या हातात द्या.