मुंबईहून कळसूबाई: एका दिवसाचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर उभे असलेले कळसूबाई हे १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंचीचे शिखर महाराष्ट्रातील सर्वोच्च स्थान होय. संपूर्ण पश्चिम घाटाचा विचार केल्यास केरळातील २,६९५ मीटर उंचीचे आनैमुडी त्याला हजार मीटरने मागे टाकते. तरीही राज्यातील पहिला मान कळसूबाईचा असल्यामुळे ज्यांनी आयुष्यात दुसरा कोणताही डोंगर चढलेला नाही, अशी माणसेही एकदा तरी येथे येऊन जातात. कळसूबाई हा किल्ला नाही, ही साधी गोष्ट मात्र येणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात नसते. रतनगड किंवा हरिश्चंद्रगड यांच्या माथ्यावर गुहा आणि पाण्याची टाकी, म्हणजे कातळात खोदलेले हौद आढळतात. तसा आडोसा किंवा पाण्याचा भरवसा येथे नाही, आणि म्हणूनच हा डोंगर मुक्कामापेक्षा एका दिवसात जाऊन येण्यासाठी अधिक सोयीचा ठरतो.

मुंबईतील अनेक संस्था आणि सहल-आयोजक ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवारी कळसूबाईची मार्गदर्शित सहल काढतात. वास्तविक पायथ्याच्या बारी गावातून निघणारी वाट इतकी मळलेली आहे की कोरड्या हंगामात, दिवसाच्या उजेडात, ती चुकणे अवघडच आहे. मग म्होरक्याची, म्हणजे गटाचे नेतृत्व करणाऱ्या अनुभवी व्यक्तीची, गरज काय, असा प्रश्न रास्त ठरतो. त्याचे खरे काम वाट दाखवण्याचे नसून वेळ सांभाळण्याचे आहे: कोणत्या टप्प्यावर किती थांबायचे, शिड्यांवरील गर्दी कशी टाळायची, दमलेल्या सदस्याला कोठून परत पाठवायचे आणि शिखर गाठले नसले तरी कोणत्या वेळी सर्वांनी माघारी वळायचे, हे ठरवणे आणि ते अमलात आणणे. या निकषावर पाहिल्यास जाहिरातीतील छायाचित्रे व अल्पोपाहाराची यादी यांना फारसे महत्त्व उरत नाही.

प्रवासाचे दोन प्रचलित मार्ग आहेत. पहिला रेल्वेचा: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी कसारा लोकल सुमारे १२० किलोमीटरचे अंतर अडीच ते पावणेतीन तासांत कापते, आणि कसाऱ्याहून पुढे जीपने घाट चढून इगतपुरी, घोटीमार्गे बारीला पोहोचण्यास सुमारे दीड तास लागतो. दुसरा रस्त्याचा: मुंबई-नाशिक महामार्गाने घोटीपर्यंत येऊन तेथे भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला वळायचे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून येण्याचाही पर्याय निर्माण झाला आहे. तथापि आमण्यापासून मुंबईपर्यंतच्या वाहतुकीवर त्याचा इलाज नाही, हे परतीच्या वेळी ध्यानात येते.

बहुतेक आयोजक शनिवारी रात्री उशिरा निघून, पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास चढाई सुरू करून, शिखरावरून सूर्योदय दाखवण्याचे आश्वासन देतात. या योजनेचे आकर्षण समजण्यासारखे असले तरी तिचा हिशेब नीट मांडला जात नाही. शुक्रवारपर्यंत कार्यालयात बसलेला माणूस शनिवारची रात्र गाडीत अर्धवट डुलक्या घेत काढतो, अंधारात विजेरीच्या उजेडात ८५० ते ९०० मीटरची उंची चढतो आणि शरीर सर्वाधिक थकलेले असते त्याच वेळी उन्हात उतरतो. शिवाय सर्वच गटांना सूर्योदय हवा असल्यामुळे सर्वजण एकाच तासात शिड्यांपाशी येऊन ठेपतात आणि माथ्याखालच्या थंड वाऱ्यात रांगेत ताटकळतात. त्यापेक्षा पहाटे तीन-चारच्या सुमारास मुंबई सोडून सातपर्यंत बारीला पोहोचणे आणि रात्रीचे गट उतरू लागले असताना चढणे हे अधिक शहाणपणाचे आहे. सूर्योदय हुकतो, परंतु वाट, आजूबाजूची शेते आणि पायाखालचा दगड तरी दिसतो. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याने किंवा मुलाबाळांसह येणाऱ्याने दिवसाचीच सहल निवडावी.

आयोजक निवडताना कोणती चौकशी करावी, हेही येथेच पाहणे इष्ट. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आणि सुरक्षिततेचे निकष पाळणे अपेक्षित आहे. त्यामुळे नोंदणीविषयी विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न गटाच्या आकाराचा: एका बसमध्ये मावतील तितकी माणसे आणि त्यांच्यासोबत दोन उत्साही तरुण, एवढ्यावर सहल निघत असेल तर तिला मार्गदर्शित म्हणणे ही केवळ शिष्टाचाराची बाब ठरते. गटाच्या पुढे म्होरक्या आणि सर्वांत शेवटी पिछाडी सांभाळणारा, ज्याला ट्रेकर मंडळी ‘स्वीप’ म्हणतात, असे किमान दोघे आणि मधल्या फळीसाठी आणखी सोबती असावेत. शेवटच्या माणसाच्या मागे कोणी असेल, हे आधीच नक्की झालेले असावे. प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या पाठपिशवीत आहे, हेही निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. बारी गावातील वाटाड्या सोबत घेणारा आयोजक पसंत करावा, कारण धुक्यात वाट हरवल्यास किंवा एखाद्याला उचलून खाली आणण्याची वेळ आल्यास गावच्या माणसांइतकी तत्पर मदत अन्य कोणाकडून मिळत नाही.

या चढाईचे स्वरूप समजण्यासाठी डोंगराची घडण थोडक्यात जाणून घेणे उपयुक्त ठरते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूभागावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा कातळ, तयार झाला. काही थर कठीण व काही ठिसूळ असल्यामुळे झीज असमान झाली. ठिसूळ थराच्या जागी उताराचा किंवा सपाटीचा पट्टा उरला आणि कठीण थराच्या जागी उभा कडा. कळसूबाईची चढण म्हणूनच एखाद्या अवाढव्य जिन्यासारखी आहे: दमछाक करणारा चढ, मग थोडी मोकळी सपाटी, मग पुन्हा कातळाचा टप्पा. गावाबाहेर भातखाचरे आणि ओढा ओलांडल्यावर वाट पायथ्याच्या मंदिरापाशी येते. ज्या वृद्धांना वर जाणे जमत नाही ते देवीचे दर्शन येथेच घेतात. त्यानंतर सोंडेवरची, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरची, चढण सुरू होते. जेथे जेथे कठीण थराचा कडा आडवा येतो तेथे तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत.

या शिड्या भक्कम असल्या तरी त्यांच्याविषयी काही सूचना आवश्यक आहेत. त्यांची चढण अंगावर येणारी आहे आणि पायऱ्यांचे लोखंड हजारो तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेले असल्यामुळे दव किंवा पाऊस पडलेला असताना चिखल लागलेला बूट त्यावर सहज सरकतो. दोन्ही हात कठड्यावर हवेत, म्हणजेच मोबाइल, काठी आणि पाण्याची बाटली पिशवीत हवी. काठ्या हातात लटकवून शिडी चढणारा मागच्याच्या डोळ्याला धोका निर्माण करतो. चढणाऱ्याने पुढील माणसापासून चार-पाच पायऱ्यांचे अंतर ठेवावे, आणि उतरताना जेथे तोल जातो असे वाटेल तेथे लाज न बाळगता तोंड शिडीकडे करून उतरावे. काही ठिकाणी शिडीच्या बाजूलाच कातळात कोरलेल्या जुन्या पायऱ्या दिसतात. शिड्या बसण्यापूर्वी भाविक याच खोबण्यांच्या आधाराने वर जात. रांग टाळण्यासाठी आज त्या पायऱ्यांवरून जाण्याचा मोह अनेकांना होतो आणि म्होरक्याने तो मोडून काढला पाहिजे.

माथ्याखालच्या टप्प्यावर एक विहीर आहे, परंतु उन्हाळ्याकडे तिचे पाणी आटते आणि इतर वेळीही गर्दीमुळे ते निर्धास्तपणे पिण्याजोगे असतेच असे नाही. त्यामुळे प्रत्येकाने तीन लिटर पाणी स्वतः वाहून न्यावे. वाटेवर गावकऱ्यांची लिंबूसरबत, ताक आणि भजी विकणारी छपरे असतात. तेथे काही विकत घेणे ही गावाला होणारी थेट मदत असली तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी ती उघडी असतीलच, हे गृहीत धरू नये.

शिखरावरील सपाटी बेताची आहे आणि तिच्यावरचे कळसूबाईचे मंदिर इतके लहान की आत दोन-तीन माणसांपेक्षा अधिक मावत नाहीत. या परिसरातील महादेव कोळी समाजाची कळसूबाईवर अढळ श्रद्धा असून नवरात्रात गावोगावचे लोक दर्शनासाठी चढून येतात. अशा दिवसांत शहरी गटांनी शिड्यांवर भाविकांना आधी वाट द्यावी. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये नोंदलेल्या दंतकथेनुसार कळसू ही रानात भटकण्याची आवड असलेली कोळी मुलगी होती. तिने उत्तरेच्या पायथ्याच्या इंदोरे गावातील एका घरी कामाला राहताना भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, अशी अट घातली. पुढे पाहुणे आल्यावर तिला भांडी घासायला लावण्यात आले, तेव्हा तिने सांगितलेले काम केले आणि त्यानंतर डोंगरावर जाऊन अखेरपर्यंत तेथेच राहिली. शब्द मोडणाऱ्या घरात पुन्हा पाऊल न टाकणाऱ्या या मुलीची कथा बहुतेक सहलींत सांगितलीच जात नाही, ही खेदाची बाब आहे. इंदोऱ्याकडूनही शिखरावर वाट येते, मात्र ती बारीच्या वाटेइतकी रुळलेली नसल्यामुळे माहितगाराशिवाय तिचा विचार करू नये.

हवा स्वच्छ असल्यास शिखरावरून दिसणारा मुलूख नकाशा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. पश्चिमेला कुलंग, मदन आणि अलंग हे कातळकड्यांचे त्रिकूट. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यापलीकडे रतनगड आणि त्याचे नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक. आणखी दूर घनचक्कर व हरिश्चंद्रगड यांचे माथे. पूर्वेला बितनगड, औंढा व पट्टा हे किल्ले असून १६७९ साली जालन्याच्या स्वारीनंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी पट्ट्यावर विश्रांती घेतल्यामुळे त्याला विश्रामगड हे नाव मिळाले. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यात अडवले जाते ते प्रवरेचे पाणी. शिखराच्या उत्तरेकडे पडलेला पाऊस मात्र दारणेला मिळतो. दोन्ही नद्या अखेर गोदावरीतच जातात, तेव्हा इतक्या उंचीवरील ही धार एकाच खोऱ्याच्या दोन ओंजळी वेगळ्या करते एवढेच.

माघारी वळण्याची वेळ सहल सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगितलेली असावी. चढाईला साधारण तीन ते चार तास आणि उतरणीला अडीच ते तीन तास लागतात. सात-साडेसातला निघालेल्या गटाने दुपारी बाराला, असेल तेथून, वळावे. उतरणीच्या वेळी मांड्या थकलेल्या असतात, लक्ष घरी लागलेले असते आणि सोंडेवरील घसारा, म्हणजे सुटी माती व बारीक खडे, पायाखालून निसटतो. पाय मुरगळतात ते बहुधा याच भागात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी शिड्या संपल्यावर काठ्या बाहेर काढाव्यात आणि पावले लहान टाकावीत.

हंगामाविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्याच्याही आधी सप्टेंबरअखेरीस आल्यास सोनकी आणि तेरड्याने उतार भरलेले दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा सगळा भाग मुसळधार पावसाचा, धुक्याचा आणि निसरड्या दगडांचा असतो, आणि नेमकी त्याच वेळी सहलींना सर्वाधिक गर्दी होते. प्रशासनाने बंदी घातलेली असल्यास तिला बगल देणाऱ्या आयोजकासोबत जाऊ नये. मे अखेरीस आणि जूनच्या आरंभी काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला येणारे अनेक जण कळसूबाईही जोडून घेतात, परंतु वळवाच्या दिवसांत दुपारी ढग गडगडू लागल्यास उघड्या शिखरावरील लोखंडी शिडी ही थांबण्याची सर्वांत वाईट जागा होय. हिवाळ्यात माथ्यावरचे तापमान पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी असते आणि वारा ते आणखी बोचरे करतो, म्हणून वारारोधक जाकीट न्यावे.

हा सारा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. खाऊचे वेष्टन, ओल्या रुमालांची पाकिटे आणि रिकाम्या बाटल्या शिड्यांच्या खालच्या घळीत साचलेल्या दिसतात, त्या तेथे आपोआप आलेल्या नाहीत. प्रत्येक सदस्याचा कचरा गावात नव्हे, तर शहरापर्यंत परत नेण्याची व्यवस्था आयोजकाने करावी. जेवणाची सोय बारीतील एखाद्या घरी आधी सांगून करता येते. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात असा बेत असतो, आणि हे अन्न गावातच रांधले जावे यासाठी किती माणसे येणार हे आदल्या दिवशी कळवणे आवश्यक असते. ऐनवेळी चाळीस जणांची पंगत दारात उभी करणे हा गृहिणीवर अन्याय आहे.

राहतो तो परतीचा प्रवास. रविवारी सायंकाळी नाशिक आणि इगतपुरीकडून मुंबईकडे येणारी वाहने शहापूर-भिवंडी परिसरात खोळंबतात, त्यामुळे दुपारी तीनच्या आत बारी सोडणाऱ्यांना रात्रीच्या जेवणापर्यंत घर गाठता येते. गाडीचा चालक चढाईच्या वेळी झोपला होता की गावात इतर चालकांसोबत जागत बसला होता, याची खातरजमा म्होरक्याने निघण्यापूर्वी करावी. रात्रीच्या सहलीत हाच एक माणूस सर्वांत अधिक जागलेला असतो. तो पेंगुळलेला वाटल्यास तासभर थांबावे, किंवा गटाला कसाऱ्याला उतरवून लोकलने पाठवावे. परतीच्या लोकलची वेळ म्हणूनच गाडीने येणाऱ्या गटानेही आधी पाहून ठेवावी.